पैलाईचा नवस

निपाणीबाहेरचा माळ,
१८ नोव्हेंबर १९११

अण्णा,

तुमच्या इंदूचा नमस्कार पोचावा. अक्षर वेडंवाकडं दिसेल, कारण पेटी मांडीवर घेऊन लिहिते आहे. आम्ही गाव सोडलं. आधी आमच्या गल्लीत उंदीर पडले, मग कोपऱ्यावरच्या घरी माणूस गेलं. आता सगळी गल्ली माळावर येऊन राहिली आहे. तट्ट्यांच्या भिंती, वर कडबा. हे रोज वखारीतल्या तंबाखूच्या काळजीनं वेशीपर्यंत जातात आणि परत येतात. रवळूला मात्र ही जत्राच वाटते. पाच वर्षांच्या पोराला प्लेग काय कळणार?

निघताना घाईत देवांचा डबा घेतला आणि पोथी कोनाड्यात राहिली. घराला कुलूप आहे, आत कुणाला सोडत नाहीत. सासूबाईंना वाचता येत नाही, पण संध्याकाळी पोथी ऐकल्याशिवाय त्या जेवत नाहीत. पहिल्या दिवशी उपाशीच निजल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुज्या पेटीत पुस्तक हाय न्हवं? ते वाच."

माझ्या पेटीत तुम्ही दसऱ्याला पाठवलेले 'सप्तशिखर'चे दोन भाग. मी म्हटलं, "आई, ती नुसती गोष्ट आहे."

"पोथीत तरी काय असतंय गं? गोष्टच की."

मग वाचायला बसले. त्यांनी पाय धुतले, पदर घेतला, पुस्तकावर तरवडाचं फूल ठेवलं आणि हात जोडून बसल्या. मला हसू येत होतं. पण तो जादूगार कज्जल साऱ्या नगराचा आवाज कातड्याच्या पिशवीत भरून नेतो ना, घंटा हलतात पण वाजत नाहीत, तिथं आले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "थांब. लेकरं रडली तर आयांना ऐकू यायचं न्हाय की. उपाशी ऱ्हातील ती." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं अण्णा. मग हसू गेलं.

दुसरा भाग लवकरच संपेल. तिसरा पाठवा.

इंदू

बेळगाव,
२७ नोव्हेंबर १९११

चि. इंदू,

तुम्ही सगळे धड आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझं पत्र मी शाळेत, मुलं गणितं सोडवत होती तेव्हा वाचलं आणि पिशवीतल्या आवाजापाशी माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण पहिल्या बाकावरच्यानं विचारलं, "सर, बरं वाटत नाही का?"

मला त्रेचाळिसावं लागलं. या वयात उडते घोडे आणि दगडी सैन्य यांच्यापायी परीक्षेचे पेपर तपासायचे ठेवले, हे कुणाला सांगण्यासारखं नाही. तुला सांगतो. उदयकेतू आईचा निरोप घ्यायला येतो आणि कज्जलाच्या करणीमुळे दोघांनाही एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा ती त्याच्या ओठांवर बोट ठेवून शब्द चाचपते. तिथं मी पुस्तक मिटलं आणि परसात जाऊन उभा राहिलो. ग्रंथकर्त्यानं दुसऱ्या भागात आठ दिवसांत दोनदा पौर्णिमा आणली आहे, तेही मी त्याला माफ केलं.

आता वाईट बातमी. प्लेगच्या गावी वाचनालयाचं पुस्तक पाठवायचं नाही, असा नियम आहे. चिटणीस मी, नियमही मीच मांडला. बहिणीसाठी तो मोडला तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणू? साथ ओसरू दे. आपण दोघांनी एकदमच शेवट वाचायचा असं ठरलं आहे, म्हणून मीही तो भाग उघडलेला नाही.

एक शंका. ही कादंबरी आहे, एका हयात माणसानं मनानं रचलेली आहे, हे सासूबाईंना नीट सांगितलंस का? फूल ठेवतात म्हणून विचारतो.

चिंतामणी

माळ,
१६ डिसेंबर १९११

अण्णा,

नियमाचं कळलं. तुम्ही तसंच करणार हे ठाऊक होतं.

तुमच्या सांगण्यावरून सासूबाईंना पुन्हा सांगितलं. म्हटलं, "आई, हे पुण्याच्या एका गृहस्थांनी लिहिलंय."

"मग? पोथ्या काय म्हशी लिहित्यात? माणसंच लिहित्यात."

"तसं नव्हे. उदयकेतू असा कुणी झालाच नाही."

"तुज्या ध्येनात न्हाय. लई आदी झाला असंल."

शेजारच्या झोपडीतल्या जयवंताकाकू पोट धरधरून हसल्या. दोन्ही भाग संपले तसे आम्ही पहिल्यापासून परत सुरू केले. आता दहाबारा बायका जमतात. कुणी गूळ-शेंगा आणतं, कुणी पोर थोपटत मागं बसतं. जयवंताकाकूंनी कज्जलाला ओळखलं आहे. म्हणतात, "अगं, ह्यो तर आपला पलेगाचा साहेब! आला की समदी गल्ली गप." काल एक जण म्हणाली, उदयकेतूनं कज्जलाच्या पोरीवर भरवसा ठेवायला नको होता. त्यावर दोघी इतक्या भांडल्या की आज सकाळी पाण्याला वेगवेगळ्या वाटेनं गेल्या.

सासूबाईंना मात्र पैलाई आवडते. तुम्हाला आठवत असेल, धूसरा नदीच्या पलीकडे झाडाखाली बसणारी. अर्ध्या पाण्यात गेलेल्या जिवाला ती परत अलीकडं लोटते. "हिला राजवाडा न्हाय, सिंहासन न्हाय, बसलीया नुसती," म्हणून सासूबाई तो अध्याय पुन्हा वाचायला लावतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. अण्णा, माणसं रोज मरताहेत आणि आम्ही सुखात आहोत, असं लिहायला भीती वाटते. पण आहोत.

इंदू

माळ,
९ जानेवारी १९१२

अण्णा,

मध्यंतरी पत्र नव्हतं, कारण रवळू जायला निघाला होता. आधी ते लिहून टाकते की तो आता बरा आहे, खातो आहे.

थंडी वाजून ताप भरला. आम्ही सगळे पुन्हा पुन्हा त्याच्या काखा आणि जांघा चाचपत होतो. गाठ नव्हती. डॉक्टर म्हणाले, हिवताप दिसतो, आणि कोयनेल दिलं. पण ताप उतरेना. पोर ओळख विसरलं. माझ्याकडं बघून "ही कोण?" म्हणालं.

त्या संध्याकाळी सासूबाई बाहेर गेल्या, पदर पसरून माळावर उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं बोलल्या. मी आतून ऐकलं. "पैलाई, माजं पोर पाण्यात हाय. अलीकडं लोट. मी तुज्या ठिकाणाला चालत यीन, खणा-नारळानं वटी भरीन. तवर मला भात न्हाय, भाकरी न्हाय."

ताप दुसऱ्या दिवशी उतरला.

आता त्या दूध आणि चार शेंगदाणे यांवर आहेत. वय सत्तरीपुढचं. विचारतात, पैलाईचं ठाणं कुठं, कोणत्या वाटेनं जायचं. मी काय सांगू? हे म्हणतात, तू आणलंस ते पुस्तक, तूच निस्तर.

एक मागते. तुम्ही एक ओळ लिहा, की मी स्वतः तिथं जाऊन तुमच्या वतीनं ओटी भरून आलो. तुमचा शब्द त्या मानतात. त्यांच्या पोटात अन्न जाईल.

इंदू

बेळगाव,
१६ जानेवारी १९१२

चि. इंदू,

रवळू वाचला, यापुढं काही मोठं नाही.

तुझ्या मागणीवर पाच दिवस विचार केला. रोजनिशीत तुला हवी ती ओळ लिहूनही पाहिली. चांगली उतरली. म्हणूनच भीती वाटली. आज मी 'जाऊन आलो' म्हणालो, तर उद्या त्या विचारतील, झाड कसलं होतं? वाट कुठून? मग मी झाड रचणार, वाट रचणार. शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणतो, तो मी एका म्हातारीला, तिला वाचता येत नाही याचा फायदा घेऊन फसवणार. हे तिच्यावर दया करणं आहे की तिला कमी लेखणं? मला दुसरंच वाटतं.

त्यांना खरं सांग. खरं कळलं की नवसाचं बंधनच उरत नाही, त्या आपोआप जेवतील. मी कठोर आहे असं समजू नकोस. मला फक्त दुसरा मार्ग दिसत नाही.

चिंतामणी

निपाणी,
११ फेब्रुवारी १९१२

अण्णा,

आम्ही गावात परतलो. घर धूर देऊन, चुना लावून घेतलं. खरं सांगायचं मला झालं नाही. रवळूला मांडीवर घेऊन बसलेल्या असतात, तेव्हा तोंड उघडत नाही. खाली त्यांचा मजकूर आहे. त्या बोलल्या तसा उतरवला आहे, मी काही घातलं नाही, काही गाळलं नाही.

"चिंतामणराव, म्हातारीचा रामराम. तुमी पोथी धाडली, लई उपकार केलासा. पोर वाचलं. आता मला येवढं सांगा, ती धूसरा नदी कुटं लागती? आमच्या भावकीतल्या गुंडूला पाक खानापुरापतूर इचारायला लावलं. तो लाकडाच्या गाड्या घिऊन रानात जातोय, त्याला समद्या नद्या ठाव्या. तो म्हणतोय आपल्याकडं न्हाय. कानड्या मुलखात असंल तर चिकोडीचा कुणीतरी बरूबर घीन, मला बोलायला येतंय थोडं. रेल्वेनं जायाचं न्हाय, मी चालत यीन म्हणालोय. पाय हायेत तवर जायाला पायजे. इंदू म्हणती तुमाला ठावं असंल पर सांगत न्हाईसा. का सांगत न्हाईसा? बाईमाणूस म्हणून? उचगावची लेक हाय मी, माहेराला चालतच जात हुतो."

अण्णा, हात दोरीसारखे झालेत त्यांचे. एक ओळ लिहा.

इंदू

बेळगाव,
२० फेब्रुवारी १९१२

चि. इंदू,

ती ओळ माझ्याच्यानं लिहवत नाही. पण तुझ्यावर सगळं टाकून इथं तत्त्व सांगत बसणं हेही बरं नव्हे. शिमग्याच्या सुट्टीत येतो. चिकोडी रोड स्टेशनाला उतरून टांगा करीन. सासूबाईंशी मी स्वतः बोलेन. येताना तिसरा भाग आणणार नाही. असल्या स्थितीत आगीत तेल नको. उलट तिथले दोन्ही भाग घेऊन जातो, गंधकाची धुरी द्यायची आहे.

चिंतामणी

निपाणी,
२४ मार्च १९१२

अण्णा,

तुम्ही गेल्याला तीन आठवडे होत आले. खुशाली कळवायची राहिली, ती कळवते.

सासूबाई जेवतात. त्या दिवशी तुमच्यासमोर अर्धी भाकरी खाल्ली, तशी रोज खातात. तुमचं म्हणणं खरं ठरलं. नवस सुटला.

त्यानंतर काय झालं तेही तुम्हाला कळायला हवं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कोनाड्यातली जुनी पोथी काढली. त्या बसल्या. पहिला अध्याय झाल्यावर म्हणाल्या, "ही कुणी केली?"

मी म्हटलं, "संतांनी."

"त्यांनी बघितलतं?"

मी नुसतं पान उलटलं. त्या उठल्या, म्हणाल्या, "ठेव बाजूला. डोळं दुखतील तुजं." तेव्हापासून पोथी बंद आहे. संध्याकाळी दाराशी बसतात. जयवंताकाकू येऊन म्हणतात, "अवो, तो कज्जल मेला का जित्ता? का आमाला तसंच टांगून ठेवताय?" त्यावर सासूबाई हसत नाहीत. म्हणतात, "असला तर मरंल न्हवं."

देवापुढं दिवा लावतात, पण पाठ फिरवून लगेच आत जातात. पूर्वी उभ्या राहून काहीबाही बोलायच्या.

मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही खरं तेच सांगितलंत, आणि माझं धाडस झालं नव्हतं.

इंदू

बेळगाव,
५ एप्रिल १९१२

चि. इंदू,

'दोष देत नाही' हे तुझं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

तुला चहाला आत पाठवून मी बोललो, म्हणून तू ऐकलं नाहीस. मी म्हणालो, पैलाई कुठंच नाही, लिहिणाऱ्यानं ती मनानं केली. त्यांनी रवळूच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मग पोराला राखलं कुणी?" मी म्हणालो, औषधानं आणि परमेश्वरानं. "त्यातलं कुणाची वटी भरू ते सांगा. कुणाचं तरी देणं हाय माज्यावर." मी म्हणालो, तुम्ही आता जेवा. आणि त्या जेवल्या. तेव्हा मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. टांग्यात बसून परत येताना तर मी खूष होतो. एक अवघड काम नीट केलं असं वाटत होतं.

आता वाटतं, त्यांना फक्त जेवायला लावायचं होतं. तेवढ्यासाठी मी एवढं सगळं का काढून घेतलं? खरं सांगणं माझं कर्तव्य होतं, की 'मी खोटं बोललो नाही' हे मला माझ्यासाठी हवं होतं? दोन्ही असेल. किती कोणतं ते मला ठरवता येत नाही.

साथ संपली, नियमाची अडचण नाही. तिसरा भाग पाठवू का? त्या ऐकणार असतील तर पाठवतो. तू म्हणशील तसं.

चिंतामणी

पोस्टकार्ड
बेळगाव,
२८ सप्टेंबर १९१२

चि. इंदू,

एप्रिलनंतर तुझं एकच कार्ड आलं, त्यात सासूबाई झोपूनच असतात एवढंच होतं. पुस्तकाविषयी तू काही लिहिलं नाहीस, म्हणून थांबलो. आता न विचारता उद्या तिसरा भाग पाठवतो. मी उघडलेला नाही. उशीर झाला असेल तर क्षमा कर.

चिंतामणी

निपाणी,
६ ऑक्टोबर १९१२

अण्णा,

सासूबाई गेल्या. गेल्या मंगळवारी, दुपारी. हे चिकोडीला होते, त्यांना निरोप धाडून बोलावलं. दहावा झाला की सगळं सवडीनं लिहीन असं ठरवलं होतं, पण तुमचं कार्ड आज, आठ दिवसांनी, हातात पडलं म्हणून लगेच लिहिते.

दुखणं असं काही नव्हतं. उपासाच्या त्या दोन महिन्यांत अंगातलं जे गेलं ते परत भरून आलं नाही. भाकरी खायच्या, पण तिचं काही होत नव्हतं.

शेवटच्या शनिवारी मी त्यांचे पाय चेपत होते. अचानक म्हणाल्या, "इंदू, त्या उदयकेतूचं पुढं काय झालं गं?"

मला आधी कळेचना. इतक्या महिन्यांत ते नाव त्यांनी काढलं नव्हतं. म्हटलं, "पुस्तक अण्णांकडं आहे आई. उद्या पत्र टाकते."

"पत्र जाणार, पुस्तक येणार. तवर मी हाय व्हय? तुला ठावं न्हाय?"

"नाही. शेवट मी वाचलेला नाही."

"मग तू सांग की. कुणीतरी मनानं केलंय म्हणालं न्हवं तुजं अण्णा? तू कर."

मी म्हटलं, मला कुठं येतंय? तर म्हणाल्या, "वीस माणसाचा सैपाक करतीस, येवढं येत न्हाय?"

मग मी सांगायला लागले. भीत भीत. उदयकेतू कज्जलाच्या गुहेत शिरतो, पिशवीची गाठ सुटत नाही, दातानं तोडतो, असं काहीतरी. आवाज परत नगराकडं निघाले, हे सांगताना त्या म्हणाल्या, "आधी लेकरांचं रडं सोड." मी सोडलं. दगडी सैन्य मी मोडून टाकणार होते, तर त्या रागावल्या. "त्यांनी काय केलंय? त्येबी कुणाची तरी पोरं. त्यांना उठवून घरला लाव." रविवारी दिवसभर आम्ही ते सैन्य घरी पाठवत होतो. रवळू पायाशी बसून एकेका शिपायाचं गाव सांगत होता. जयवंताकाकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "एक आमच्या गल्लीत धाडा, लाकडं फोडायला." सासूबाई हसल्या. आवाज नव्हता, पण हसल्या. सोमवारी सकाळपासून त्यांना धाप होती. कुणी आलं तरी त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडं.

मंगळवारी उदयकेतू घरी परतायला निघाला. वाटेत धूसरा नदी येते. मी ती टाळून त्याला डोंगराच्या वाटेनं नेऊ लागले. त्यांनी हात वर केला. "नदी कुटं गेली?"

मी म्हटलं, "राहू द्या आई."

"ती न्हाय ते मला कळलंय. तरीबी त्याला नदीतनंच आण. मला बघायचं हाय."

मी त्याला पाण्यात उतरवलं. गुडघाभर पाणी झालं, मग कमरेएवढं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. छातीएवढ्या पाण्यात आला, तेव्हा त्यांचे ओठ सुकलेले दिसले म्हणून मी भांडं घ्यायला उठले. चुलीपासून अंथरुणापर्यंत किती ते अंतर? आले तोवर झालं होतं.

अण्णा, तुम्ही विचारता तसं मीही स्वतःला विचारलं. ती एक ओळ तुम्ही लिहिली असती तर? मी पहिल्या दिवशी पुस्तक पेटीतच राहू दिलं असतं तर? मला उत्तर मिळत नाही आणि मी आता शोधतही नाही. त्या पोथी ऐकायच्या तशा हात जोडून गेल्या नाहीत. त्यांचा एक हात पुढं होता, जेवढं सांगितलं त्याच्या पुढचं मागताना करायच्या तसा.

पुस्तक रवाना केलं नसेल तर पाठवू नका. केलं असेल तर मी ते न उघडता परत करीन, वाचनालयात ठेवून द्या. त्यात उदयकेतू केव्हाच पलीकडं पोचला असेल. आमचा अजून पाण्यातच आहे, आणि त्याला बाहेर कुणी काढायचा ते आम्ही दोघींनी ठरवलं नव्हतं.

इंदू